पोथी, प्रार्थना आणि मनाची शांती: तुमचा अनुभव काय?

चाफेकळी_भांडुप

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं काही तर सांभाळून घ्या.

आईला जाऊन आता वर्ष होईल. आधी केमो, मग रेडिएशन, परळच्या फेऱ्या, रिपोर्ट, इन्शुरन्सचे कागद, त्या धावपळीत रडायलाही वेळ नव्हता. आता सगळं थांबलंय तर झोपच लागत नाही. रात्री अडीच-तीनला जाग येते ती येतेच. सकाळी उठून बीकेसीला जाते, काम होतं, लोकांशी हसून बोलते, पण आत काहीतरी सतत धडधडत असतं.

मावशीने गुरुचरित्र आणून दिलं, म्हणाली सप्ताह कर, मन शांत होईल. बसले मी, पण ऑफिस, डबे, मुलीची परीक्षा, सोवळ्याचे नियम, काही जमेना आणि सप्ताह मध्येच राहिला. आता मावशी म्हणते अर्धवट सोडलेलं चांगलं नसतं. शांती राहिली बाजूला, ही एक नवीन भीतीच डोक्यात बसली.

तर प्रश्न असा की प्रार्थना किंवा असं काही वाचून तुमच्यापैकी कोणाला खरंच बरं वाटलंय का? वाटलं असेल तर काय वाचलं, कसं वाचलं, अर्थ समजून की नुसतं पठण? आणि प्लीज चमत्कार नकोत. आई आजारी होती तेव्हा चमत्कार सांगणारे खूप भेटले.

गिरगावकर

आईबद्दल वाचून वाईट वाटलं. सविस्तर लिहितो रात्री. तोवर एकच, ती भीती आधी काढून टाका. दत्तमहाराज कोणाची हजेरी घेत नाहीत.

रानजाई

+१ गिरगावकर.

नाना_चेंबूर

बाळ, मी सत्तरी ओलांडलेला माणूस, पोथ्यांच्या घरातच वाढलो, म्हणून थोडं लिहितो. आमच्या वडिलांचं रोजचं वाचन असायचं. ते म्हणायचे फलश्रुती ही वाचणाऱ्याला गोडी लागावी म्हणून शेवटी घातलेली असते, करार म्हणून नाही. अमुक केलं तर पुत्र होईल, तमुक केलं तर धन मिळेल, आणि सोडलं तर कोप होईल, हे जे शेवटचं आहे ना ते पोथीत कमी आणि आपल्या नातेवाईकांत जास्त सापडतं. गुरुचरित्राचे ५२ अध्याय सात दिवसांत हे नोकरी करणाऱ्या माणसाला सोपं नाही. कितीतरी लोक रोज नुसता चौदावा किंवा अठरावा अध्याय वाचतात, आयुष्यभर, आणि त्यांना कोणी अर्धवट म्हणत नाही.

आमच्या हिला अर्धांगवायू झाला तेव्हा मी दासबोध धरला. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, म्हणजे दोनशे. रोज एक समास, मोठ्याने, तिच्या पलंगाशी बसून. तिला बोलता येत नव्हतं पण ऐकू यायचं. ती बरी झाली का? नाही झाली. चार वर्षं तशीच होती आणि गेली. पण त्या घरात संध्याकाळची ती वीस मिनिटं अशी होती की त्यात ती पेशंट नव्हती आणि मी नर्स नव्हतो. मला जे बरं वाटलं ते एवढंच, आणि ते थोडं नव्हतं.

म्हणून माझं मत विचारशील तर कमी वाच, पण मोठ्याने वाच, आणि शक्यतो कोणाला तरी ऐकवत वाच.

शांभवी_डोंबिवली

नाना, डोळ्यात पाणी आणलंत.

तर्कट

माझं मत वेगळं आहे आणि धागाकर्तीने विचारलंय म्हणून स्पष्ट लिहितो, कोणी अंगावर घेऊ नये.

प्रार्थनेने माणूस बरा होतो का हे नीट तपासून झालंय. २००६ साली अमेरिकेत बायपास झालेल्या अठराशे पेशंटवर मोठी चाचणी झाली. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. फरक शून्य. उलट ज्यांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना नक्की चालू आहे, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली. हे अभ्यास करणारे कोणी नास्तिक नव्हते, मुख्य डॉक्टर ध्यान आणि शरीर याच विषयात आयुष्य घालवलेले होते.

ताईंना वर्षभर झोप नाही, धडधड आहे. हे पोथीचं काम नाही, कौन्सेलरचं आहे. आपल्याकडे घरातलं दुःख डॉक्टरकडे न्यायची लाज वाटते आणि देवघरात न्यायची वाटत नाही, त्यात माणसांची वर्षं वाया जातात. माझ्या जवळच्या घरात हे बघितलंय म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

स्टेथो

तर्कट यांचा अर्धा प्रतिसाद मला पूर्ण पटतो, अर्ध्यात दुरुस्ती.

मी मुंबईतच प्रॅक्टिस करते. तुम्ही म्हणताय ती चाचणी बरोबर आहे, पण तिचा प्रश्न वेगळा होता: दुसऱ्याने लांबून केलेल्या प्रार्थनेने ऑपरेशननंतरची गुंतागुंत कमी होते का. उत्तर नाही आलं. चाफेकळी विचारतेय ते हे नाही. ती विचारतेय की मी स्वतः प्रार्थना केली, वाचलं, तर माझं मन थाऱ्यावर येईल का.

त्याबाबत मला एक छोटा अभ्यास फार आवडतो, २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला, इटलीतला. तेवीस निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ओम मणि पद्मे हुं'. दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी आपण बारा ते वीस वेळा घेतो. श्वास तेवढा संथ झाला की हृदयाची गती आणि रक्तदाब यांची एकमेकांशी लय जुळते. दोन वेगळे धर्म, दोन वेगळ्या भाषा, आणि शरीर मात्र एकाच ठिकाणी पोचलं. तेवीस लोकांवर मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत हे मान्य. पण आपल्या आज्या रामरक्षा ज्या संथ चालीत म्हणायच्या ती चाल आठवा.

आता चाफेकळी, तुझ्यासाठी. इतके महिने तीनला जाग येणं आणि सततची धडधड, हे डॉक्टरला दाखव. एक थायरॉईड आणि हिमोग्लोबिन करून घे, नुसतं मनाचं समजून बसू नकोस. रात्री फारच असह्य झालं तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. आणि पोथीही वाच. दोन्हींत भांडण नाही. भांडण कधी होतं, तर कोणी गोळ्या बंद करून पारायणाला बसतं तेव्हा. तसं करणारे पेशंट मी बघितलेत आणि त्यांची अवस्थाही बघितलीय.

गिरगावकर

स्टेथो, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

दहिसरची_सुमन

एक राहिलंच. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असं म्हणतात ना? आमच्याकडे तर हातही लावू देत नाहीत.

रानजाई

झालं, आता धागा शंभरी गाठणार.

शांभवी_डोंबिवली

आमच्याकडे सासूबाई वाचतात, आजेसासूबाई वाचायच्या, त्या नव्वदीत गेल्या. काही परंपरांत नको म्हणतात, काहींत चालतं. सुमनताई, ज्या घरात बाई सगळ्यांचं उष्टं-खरकटं काढते तिथे तिने पोथीला हात लावला की बिघडतं हे मला कधी पटलं नाही. जनाबाई दळण-कांडण करता करताच अभंग म्हणायची, तिला कोणी सोवळं विचारलं नाही.

दहिसरची_सुमन

मी परंपरा सांगितली, वाद घालायचा नव्हता. मी स्वतः स्वामींचं सारामृत वाचते, एकवीस अध्याय, रोज तीन. त्याला फार नियम नाहीत. बरं वाटतं. का वाटतं ते विचारू नका.

ग्रेस_वसई

मी कॅथलिक, वसईची, नोकरी चर्चगेटला. माझं मत चालेल ना इथे?

माझा भाऊ अपघातात गेला तेव्हा मला चर्चमध्ये बसवत नव्हतं. सगळे म्हणायचे देवाची इच्छा. मला राग यायचा. आमच्या फादरनी उपदेश काही केला नाही, फक्त म्हणाले स्तोत्रसंहिता उघड आणि तक्रारीची स्तोत्रं वाच. दीडशे स्तोत्रं आहेत त्यात, आणि मला तोवर फक्त तेविसावं माहीत होतं, मेंढपाळाचं. बघितलं तर कितीतरी स्तोत्रांत माणूस देवाला विचारतोय, कुठे आहेस, किती दिवस तोंड लपवणार. एक तर असं आहे, अठ्ठ्याऐंशीवं, ते शेवटपर्यंत अंधारातच संपतं. त्याला गोड शेवट नाहीच. आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. मला त्या गोष्टीने धरून ठेवलं. म्हणजे रागावलेल्या माणसालाही आत जागा आहे.

मराठीत वाचायचं तर फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल आहे, भाषा आपल्या बोलण्यातली आहे.

अवांतर: माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहतात ना, माझी हिंदू मैत्रीण दर सप्टेंबरला जत्रेत मेणाचं हृदय वाहते, वडिलांसाठी. डॉक्टरची औषधंही चालू आहेत. स्टेथो, काळजी नको.

स्टेथो

ग्रेस, ते अठ्ठ्याऐंशीवं आजच वाचते.

निळी_पहाट

आमच्याकडे मागणं नसतं. बुद्ध वंदना म्हणतो, त्रिशरण, पंचशील, पण कोणाकडे काही मागत नाही. लहानपणी मला वाटायचं की मग म्हणायचं कशाला? वरळीला बीडीडी चाळीत राहायचो, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जायचा. एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार. गिरणीतून सुटलेली माणसं, भाजी विकून आलेल्या बाया. वाचून झालं की लोक प्रश्न विचारायचे, कधी कधी वाद व्हायचे, आणि घरी जाताना सगळे जरा हलके झालेले असायचे.

बाबासाहेबांचं हे पुस्तक त्यांच्या निर्वाणानंतर, १९५७ साली आलं. दुःख आहे हे तिथे पहिल्यापासून धरूनच चालतात, ते लपवायचं नाही. चाफेकळीताई, तुम्हाला सगळे सांगताहेत की शांत व्हा. मला वाटतं तुम्हाला आधी कोणीतरी म्हणायला पाहिजे की हो, हे दुःखच आहे.

चाफेकळी_भांडुप

निळी_पहाट, तुमचं शेवटचं वाक्य ऑफिसच्या वॉशरूममध्ये उभं राहून वाचलं. धन्यवाद. बाकी सगळ्यांना रात्री उत्तर देते.

लोकलवाला

मी ना पोथी वाचत ना जप करत. पण बदलापूरवरून येताना आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे, टाळ, ढोलकी, सगळं. सुरुवातीला मी दुसऱ्या डब्यात पळायचो. मग नोकरी गेली, सहा महिने इंटरव्ह्यू देत हिंडत होतो, आणि घरच्यांना नीट सांगितलंही नव्हतं. तेव्हा त्या मंडळातल्या एका काकांनी काही न विचारता हातात टाळ दिले. आता नोकरी आहे, टाळही आहेत. शब्द अजून अर्धे येत नाहीत. पण घाटकोपर येईपर्यंत डोक्यात दुसरं काही नसतं.

तर्कट

आणि बाजूच्या सीटवर रात्रपाळी करून झोपायला बघणारा माणूस असतो त्याचं काय? भक्ती तुमची, कान आमचे.

लोकलवाला

मुद्दा बरोबर आहे. आमच्यातले काही जण विचारून सुरू करतात. सगळे नाही करत.

गिरगावकर

भजन आणि लोकल हा वेगळा धागा होईल, तिकडे भांडू. इथे मूळ प्रश्नावर येतो, अर्थ समजून की नुसतं पठण.

माझं स्वच्छ मत, दुःखातल्या माणसाने आपल्याला कळतं ते वाचावं. विनोबांच्या आईचं उदाहरण बघा. तिला संस्कृत गीता कळेना, मराठीत पाहिजे होती. विनोबांनी पुढे १९३०-३१ मध्ये गीताई लिहिली, तोवर आई गेलेली होती. मग १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी एकेका अध्यायावर प्रवचन केलं, आणि साने गुरुजी तिथेच कैदेत होते, त्यांनी ते उतरवून घेतलं. समोर बसलेले श्रोते कैदी, घरदार लांब, पुढे काय होणार ते माहीत नाही. म्हणून त्या प्रवचनांची भाषा इतकी साधी आहे. तिथे पांडित्य दाखवून काय मिळणार होतं? मी बारावा अध्याय वारंवार वाचतो. मूळ फक्त वीस श्लोक, विनोबांचं त्यावरचं विवेचन एका बैठकीत होतं.

नाना_चेंबूर

गिरगावकर, थोडा असहमत. अर्थ पाहिजे, पण ज्या दिवशी डोकं चालत नाही त्या दिवशी अर्थाचा आग्रह जाच होतो. तेव्हा पाठ असलेलं म्हणावं. भीमरूपी म्हणताना मी काही अर्थ लावत बसत नाही, जीभ आपली चालते आणि मन तिच्या मागून येतं. लहानपणी पाठ करून घेतात ते अशा दिवसांसाठीच असावं.

अभंगवेडी

उशिरा आले धाग्यावर. ग्रेसने तक्रारीच्या स्तोत्रांचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही. हे आपल्या घरातच भरपूर आहे हो! आपण तुकोबांना शांत, टाळ घेतलेले, कॅलेंडरवरचे करून ठेवलंय. १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, इज्जत गेली. त्यानंतर तो माणूस डोंगरावर जाऊन बसला. गाथा त्या माणसाची आहे. त्यात तो विठोबाशी भांडतो, त्याला बोल लावतो, तू कोरडा आहेस म्हणतो, तुझं देवपण आमच्यामुळे आहे असं सुनावतो. जनाबाई तर थेट 'विठ्या' म्हणून शिव्या घालते, आणि वारकऱ्यांनी ते अभंग काढून नाही टाकले, आजही गातात.

मला घटस्फोटाच्या काळात सगळे मन शांत ठेव सांगत होते, आणि मला शांत होण्याआधी ओरडायचं होतं. ज्यांनी ओरडून घेतलंय अशा माणसाचं पुस्तक मला हवं होतं. गाथेत ते मिळालं. पुढे त्याच गाथेत हळूहळू दुसरा आवाज येतो, रान, पाखरं, एकटं राहण्याचं सुख. तो आवाज पहिल्या आवाजाच्या नंतर येतो म्हणून खरा वाटतो.

म्हणून चाफेकळी, देवावर राग असेल तर असू दे, तो घेऊनच वाच. आधी मन साफ करून मग देवासमोर बसायचं असं काही नसतं.

रानजाई

अभंगवेडी, टाळ्या.

चाफेकळी_भांडुप

सगळ्यांना एकत्रच लिहितेय. स्टेथो, ब्लड टेस्ट दिलीय, शनिवारी डॉक्टर. तर्कट, तुमचाही राग नाही आला, कौन्सेलरचं बघतेय, आमच्या कंपनीत सोय आहे हे मला आत्ता कळलं.

काल रात्री जाग आली तेव्हा नानांनी लिहिलं तसं मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला. मोठ्याने म्हणजे कुजबुजत, मुलगी झोपली होती. घरात आईचं हरिपाठाचं छोटं पुस्तक होतं, ते. झोप नाही आली. पण धडधड थांबली, आणि मग रडू आलं, ते खूप वेळ. सकाळी ट्रेनमध्ये डोळे सुजलेले होते पण छाती मोकळी होती.

मावशीचं मात्र काय करू? रोज फोन करते, सप्ताह पुन्हा कधी बसतेस म्हणून.

शांभवी_डोंबिवली

स्पष्ट सांगून टाक, जमणार नाही.

निळी_पहाट

थांबा जरा. ताई, मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण ना?

चाफेकळी_भांडुप

हो. धाकटी. दोघीच होत्या.

निळी_पहाट

मग तिचंही माणूस गेलंय. तुम्हाला निदान आई गेली म्हणून लोक विचारतात. बहीण गेलेल्या बाईला वर्षभराने कोण विचारतं? मला वाटतं तो फोन सप्ताहासाठी नसेल.

नाना_चेंबूर

हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पोरी, निळी_पहाट म्हणतेय ते ऐक. मावशीला सांग, सप्ताह नाही जमणार पण तू वाच, मी ऐकते. पोथी तिच्या आवडीची असू दे. ऐकणाऱ्याला कसलेही नियम नसतात, हे तिलाही मान्य असेल.

तर्कट

या एका गोष्टीला माझं पूर्ण अनुमोदन. देव असो नसो, मावशी आहे.

चाफेकळी_भांडुप

मला हे वर्षभरात एकदाही सुचलं नाही. रविवारी जाते ठाण्याला तिच्याकडे. गुरुचरित्राचा चौदावा अध्याय ती वाचेल, मी ऐकेन. आणि मग मी तिला हरिपाठ वाचून दाखवेन म्हणते, आईच्या पुस्तकातून. पूर्ण हरिपाठाला किती वेळ लागतो? तिला गुडघ्यामुळे फार वेळ बसवत नाही.

दहिसरची_सुमन

सत्तावीस-अठ्ठावीस अभंग आहेत, चालीत म्हटलं तर अर्धा-पाऊण तास. पाटावर बसायचा हट्ट करतील त्या, खुर्ची द्या. आणि त्यांना चष्म्याचा त्रास असेल तर दादरला मोठ्या टाइपातलं सार्थ पुस्तक मिळतं, चाळीस-पन्नास रुपयांपासून, ते घेऊन जा. सार्थ म्हणून नीट बघून घ्या, नुसत्या संहितेचंही तसंच दिसतं.

अभंगवेडी

पाऊण तास नको पहिल्याच दिवशी. चार अभंग म्हणा आणि चहा करा, आईच्या आठवणी निघतील. उरलेले पुढच्या रविवारी.